भाकर सोडायची की ताट बदलायचं?

केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना इथे गावातल्या आणि आसपासच्या बचतगटांच्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण



आज मला 'महिला आणि आरोग्य' या विषयावर बोलायला सांगितलंय. विषय मोठा आहे. त्यातली मी एकच गोष्ट घेणार आहे, ती म्हणजे वजन.

हल्ली गटाच्या बैठकीत कर्जाचं, हप्त्याचं बोलणं संपलं की हळूच एक प्रश्न येतो, "ताई, ते किटो काय असतं?" कुणाच्या सुनेनं मोबाइलवर पाहिलेलं असतं. कुणाच्या मुलीचं लग्न जमवायचं असतं आणि बघायला आलेल्या मंडळींनी 'मुलगी अंगानं जरा भरलेली आहे' असा निरोप पाठवलेला असतो. कुणाला साखर निघालेली असते आणि दवाखान्यात घाईघाईत सांगितलेलं असतं, 'भाकरी-भात कमी करा, वजन उतरवा.' एक मावशी मला म्हणाल्या, "भाकर सोड म्हणतेत. भाकर सोडली तर खाऊ काय? नुसतं कोरड्यास पिऊ?" सगळ्याजणी हसल्या. पण मावशींचा प्रश्न अगदी बरोबर आहे.

आधी किटो म्हणजे काय ते समजून घेऊ. ज्वारी, गहू, तांदूळ, बटाटा, साबुदाणा यांत पिष्ट असतं. पोटात गेल्यावर त्याची साखर होते आणि शरीर आधी तीच जाळतं. हे पिष्ट फारच कमी केलं, दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणलं, की ही साखर पुरत नाही. मग यकृत चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ तयार करतं आणि शरीर त्यांच्यावर चालू लागतं. म्हणून हा कीटोजेनिक आहार. यात ताटातली मोठी जागा तूप, तेल, लोणी, पनीर, अंडी, मांस, बदाम यांना. धान्य जवळपास बाद. डाळसुद्धा मोजून. फळं तर बहुतेक बंदच. म्हणजे आपल्या जालन्याची मोसंबी पण नाही!

ही टूम कालपरवाची नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली हा आहार सुचवला तो फिट येणाऱ्या रुग्णांसाठी. उपाशी राहिल्यावर फिट कमी होतात असं दिसलं होतं. उपाशी न ठेवता तोच परिणाम साधायचा, ही कल्पना. औषधांना दाद न देणाऱ्या फिटवर आजही लहान मुलांना तो देतात, पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, तपासण्या करत. म्हणजे मुळात हा औषधासारखा मोजून-मापून द्यायचा आहार. पुढे १९७२ साली रॉबर्ट ॲटकिन्स या अमेरिकन डॉक्टरांनी वजन उतरवण्यासाठी याच्याच जवळचा आहार पुस्तकातून मांडला आणि त्याचा बाजार झाला. तिकडे लोक भाकरी-पाव कसा सोडायचा ते शिकत होते, त्याच साली मराठवाड्यात दुष्काळ पडला होता. तुमच्या सासवा, आज्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या आणि सुकडीवर दिवस काढत होत्या.

आता मुख्य प्रश्न. यानं वजन उतरतं का? उतरतं. पहिल्या आठवड्यातच काटा खाली येतो. पण त्यात बरंचसं पाणी असतं, कारण शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम पिष्टासोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. साठा संपला की ते पाणी जातं. त्यानंतर चरबीही कमी होते. मधुमेह असेल तर रक्तातली साखरही खाली येते. हे खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण टिकतं किती? २०१८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ६०९ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी पिष्ट कमी केलं, निम्म्यांनी चरबी कमी केली. तो इतका कडक किटो नव्हता. वर्षाअखेर पिष्ट कमी करणाऱ्यांचं वजन सरासरी ६ किलोनं उतरलं, चरबी कमी करणाऱ्यांचं ५.३ किलोनं. म्हणजे फारसा फरक नाही. दोन्ही गटांना भाजीपाला भरपूर खा आणि साखर-मैदा टाळा असं सांगितलं होतं. ज्याला जे निभलं, त्याचा त्याला उपयोग झाला.

निभण्याचाच हिशोब आपण करू. एका मध्यम भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं. त्यात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम पिष्ट. म्हणजे दिवसाला एक भाकर खाल्ली की किटोचा कोटा संपला. मग दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईनं पोट कशानं भरायचं? पनीरनं? बदामानं? त्या भावात एकीचं किटो म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या डाळीचे पैसे. आणि घरात एकीसाठी वेगळं रांधायचं तर ते रांधणारही तीच. नवऱ्याला पथ्य असलं की अख्खं घर पथ्य पाळतं. बाईला पथ्य असलं की ती सगळ्यांचं रांधून झाल्यावर उरलेल्यातून पथ्य शोधते.

पैशापेक्षा मोठी गोष्ट जिवाची आहे. आमच्या कामात भेटलेली एक बाई मधुमेहाच्या गोळ्या घेत होती. मोबाइलवर ऐकून तिनं भाकर-भात एकदम सोडला. काकडी, ताक आणि बिनसाखरेचा चहा यावर राहिली, गोळ्या मात्र तेवढ्याच चालू. चौथ्या दिवशी शेतात दरदरून घाम आला, हातपाय थरथरले आणि ती खाली बसली. सोबतच्या बायांनी गूळ चारला म्हणून निभावलं. म्हणून हे नीट लक्षात ठेवा. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना पिष्ट एकदम तोडलं तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या आहेत. त्या घेत असताना असा आहार केला तर रक्तात आम्ल वाढून जीव धोक्यात येऊ शकतो. बीपीच्या गोळ्यांचाही डोस बदलावा लागतो. गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं हा आहार करू नये. मूत्रपिंडाचा, यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. आणि 'महिन्यात दहा किलो' म्हणत घरोघर पावडरचे डबे विकणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: माझ्या गोळ्या कोणत्या आहेत ते तुम्हाला माहीत आहे का?

मग काय, भाकर खात राहायची आणि गप्प बसायचं? तसंही नाही. किटोवाले जे सांगतात त्यात आपल्यासाठी एक खरी गोष्ट दडलेली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२५ साली आले. आपल्या लोकांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टातून येते आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. तांदळाऐवजी गहू किंवा भरड धान्य खाल्लं, पण एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका काही कमी होत नाही, असंही त्यात दिसलं. याच पाहणीच्या २०२३ साली आलेल्या अहवालानुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. तेव्हा ताटात धान्य जास्त आणि बाकीचं कमी, हे खरंच आहे.

पण हे ताट असं झालं कसं? बाईला भाकरीची हाव आहे म्हणून? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झालं. तो हक्क आपण सोडायचा नाही. पण त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ त्या हक्कात नाही, तेल नाही. शिवारात कापूस आणि सोयाबीन वाढलं, ज्वारीचं क्षेत्र घटलं, मुगा-उडदाचं पीक मागं पडलं. घरची डाळ गेली आणि दुकानची डाळ महाग. त्यात घरातली रीत: आधी पुरुष, मग मुलं, शेवटी बाई. तिच्या वाटणीला भांड्याच्या तळाचं पातळ वरण, दोन भाकरी आणि ठेचा. शिवाय उपवास! चतुर्थीला आपण राजूरच्या गणपतीला जातो आणि दिवसभर साबुदाणा, भगर, बटाटा खातो. त्यात पिष्टाशिवाय फार काही नाही. कामाच्या धबडग्यात भूक मारायला चार-पाच वेळा गोड चहा. कपाला दोन चमचे धरले तर तीच चाळीस-पन्नास ग्रॅम साखर.

म्हणून बाई एकाच वेळी जाड आणि अशक्त असू शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त निघालं, जवळपास १९ टक्के स्त्रिया हडकुळ्या निघाल्या आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हे प्रश्न एकाच गावात, कधी एकाच घरात असतात.

याची मुळं आणखी मागं जातात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्या मापांनी लहान, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिलेली. दिसायला बारीक, आतून चरबी. पुढं मधुमेहाचा धोका अशा शरीराला जास्त. याच अभ्यासात ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळं अधिक मोठी होती. बाईच्या ताटातली पालेभाजी ही पुढच्या पिढीचीसुद्धा गोष्ट आहे.

तुमच्यापैकी पुष्कळजणींनी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचंही ऐकलंय. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात असताना त्यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, असा मार्ग लोकांपुढे ठेवला. हे किटो नव्हे, पण इन्सुलिन वारंवार वाढू द्यायचं नाही, हा विचार त्यात आहे. तो कुणी तपासण्या करून, डॉक्टरांना विचारून करत असेल तर करू दे. मला फक्त एवढं म्हणायचंय की आपल्यातल्या कितीतरी जणी आधीपासूनच दोनदा जेवतात. त्यांनी ते निवडलेलं नाही, त्यांना वेळच मिळत नाही. जेवण ठरवून कमी करणं आणि जेवणच वाट्याला न येणं, या दोन गोष्टी एकच आहेत असं कुणी सांगायला लागलं तर मानू नका.

मग आपण काय करायचं? घरातलं आधी. जिची साखर किंवा वजन वाढलंय तिनं भाकर सोडू नये, एक कमी करावी आणि तिच्या जागी काहीतरी घालावं. घट्ट वरण, मटकीची उसळ, हुलगे, बेसन. एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम प्रथिनं, मूठभर शेंगदाणे म्हणजे ७ ग्रॅम. तांदुळजा, अंबाडी, घोळ, पाथरी यांना शिवारात पैसे पडत नाहीत. चहातली साखर निम्मी करा. आणि जी मुळातच हडकुळी आहे, अंगमेहनतीचं काम करते, तिनं भाकर मुळीच कमी करायची नाही, वरची भर मात्र हक्कानं मागायची. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. वरण वाढताना सुनेची वाटी आधी भरा, सासूबाईंनो, हे तुम्हालाच जमेल.

दुसरं, तपासणी. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीची साखर आणि बीपी उपकेंद्रात मोफत तपासायची सोय आहे. आशाताईंना विचारा आणि गटानं मिळून जा.

तिसरं गावाचं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. त्या सभेत ठराव मांडा: रेशनवर धान्यासोबत डाळ आणि तेल द्या. शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा पैसा राज्य सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये बंद केला, तो परत सुरू करा. अंगणवाडीतून गरोदर बायांना मिळणारा आहार वेळेवर आणि खाण्यासारखा द्या. वजन कमी करायचा सल्ला फुकट मिळतो. डाळ फुकट मिळत नाही. सल्ला देणाऱ्यांकडे आपण डाळही मागू.

आणि ज्या मुलींना बघायला येणारे वजन विचारतात, त्यांच्या आयांना माझी विनंती आहे. पोरीला तिच्या तब्येतीसाठी नीट खायला शिकवा. पसंत पडावी म्हणून उपाशी ठेवू नका. त्या वयात तिला रक्त वाढवायचंय.

पुढच्या महिन्यात गटाची बैठक होईल तेव्हा हप्त्याच्या हिशोबाआधी एक हिशोब करू. प्रत्येकीनं सांगायचं: काल मी काय खाल्लं, किती खाल्लं आणि कुणाच्या नंतर खाल्लं. त्यातूनच आपल्याला ठराव सापडेल.