कमान आणि कामगार

स्टेनलेस स्टील म्हटलं की आपल्याला मांडणीवरची भांडी आठवतात. अमेरिकेत सेंट लुईस शहरी, मिसिसिपीच्या काठावर, त्याच धातूची ६३० फूट उंच कमान उभी आहे. वास्तुशिल्पी ईरो सारिनेन. बागेची आखणी डॅन काइलींची. कमानीच्या वळणासारख्याच तिथल्या पायवाटा वळलेल्या.

बाहेरून पाव इंचाचा स्टेनलेसचा पत्रा, आतून साधं पोलाद, असे त्रिकोणी तुकडे वेल्डिंगने जोडत वर नेले. मी गिरणीत फिटर, म्हणून सांगतो, हे काम चेष्टेचं नाही. स्टेनलेसमधून उष्णता लवकर पसरत नाही, पत्रा वाकतो. त्यातल्या क्रोमियमचा पातळ थर गंज अडवतो खरा. पण साध्या लोखंडाचा कीस चिकटला की तिथेच तांबेरा धरतो.

असं काम शिकलेल्या हाताला पगार चांगला. पण त्या कमानीवर कुशल कामाला काळ्या माणसांना घेत नव्हते. १४ जुलै १९६४ रोजी पर्सी ग्रीन हा काळा आणि रिचर्ड डेली हा गोरा, दोघे शिडीने सव्वाशे फूट वर चढले आणि सुमारे चार तास उतरलेच नाहीत. कमान १९६५ साली पुरी झाली. १९६६ मध्ये तिथल्या सरकारने खटला भरला, तो बांधकाम कामगारांच्या युनियनांवर! आम्हा युनियनवाल्यांना हा घास गिळायला जड जातो.

कमानीचा फोटो आणलाय. वस्तीतली जी पोरं-पोरी आयटीआयला वेल्डर ट्रेडला आहेत, त्यांनी नंतर मला भेटावं.