नाणेघाटाची वाट

२००० वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल ज्या वाटेने जुन्नरास चढे, तिच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही आहे. लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. जुन्नरपासून घाटापर्यंत सावलीची पायवाट राखावी, असे आम्ही म्हणतो. पण लेणे पुरातत्त्व खात्याचे, रान वनखात्याचे, बांध शेतकऱ्याचा! तेव्हा नकाशा शहरात बसून काढू नये, ग्रामसभेत काढावा. कडेने जांभूळ, हिरडा लावावा. (हिरड्याचे मोल तिथल्या आदिवासींस आम्ही काय सांगावे!) पाहुण्याची भाकरी गावच्याच चुलीवर भाजली जावी. बांध देणाऱ्यास एवढेही मिळणार नसेल, तर त्याने वाट खुशाल अडवावी. आम्ही त्याच्याच बाजूस उभे राहू.