प्रकाशाचा राजरस्ता आणि विजेचा नाका



प्रकाश वेगवान आणि वीज मंद, म्हणून तांब्याच्या तारेच्या जागी काचेचा तंतू आला, असे आपण नेहमी ऐकतो. हे विधान जसेच्या तसे खरे नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, आणि चांगल्या तारेतून विजेचा संदेशही जवळपास तितक्याच वेगाने धावतो. मग दोहोंत अंतर आहे ते कोठे? ते धावण्यात नाही. एका सेकंदात किती अक्षरे उमटविता आणि वाचता येतात, यात ते आहे.

तंतूत जो अदृश्य, अवरक्त प्रकाश वापरतात, त्याची कंपने सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी. त्यांतील एका लहानशा पट्ट्यातही संदेशांना ऐसपैस जागा मिळते. उलट, संगणकाच्या मेंदूचा ठोका सेकंदाला काहीशे कोटींपाशी, २००५ च्या सुमारास, अडला तो जवळजवळ तेथेच आहे. ठोका वाढविला की उष्णता वाढते आणि मग यंत्र निववायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. म्हणजे राजरस्ता रुंद, पण नाक्यावर खिडकी एकच!

हा रस्ता तरी सहज झाला काय? १९६६ साली चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकम यांनी दाखविले की, एक किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा शेकडा १ भाग जरी उरला, तरी काचेचा तंतू दूरसंदेशास उपयोगी पडेल. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तशी काच सिद्ध केली. आज एका किलोमीटरनंतर शेकडा ९५ भाग शिल्लक राहतो.

तरीही नाके होतेच. १९८८ साली अटलांटिकच्या तळाशी पहिला प्रकाशतंतूंचा केबल पडला. त्यात ठिकठिकाणी क्षीण प्रकाशाची वीज करावी, ती सावरावी आणि पुन्हा प्रकाश करून पुढे धाडावा, अशी व्यवस्था होती. ही यंत्रे एका ठराविक गतीला बांधलेली. गती वाढवायची तर समुद्रतळाची यंत्रेच बदलावयास हवीत. यातून सुटका केली ती अर्बियम या धातूने. त्याचा अंश मिसळलेला तंतू प्रकाशाला प्रकाश ठेवूनच बळ देतो, हे १९८७ साली सिद्ध झाले होते. शिवाय तो एकाच वेळी अनेक रंगांना बळ देतो. मग एका तंतूत अनेक रंग सोडले, आणि प्रत्येक रंगाला त्याचे स्वतंत्र विद्युत्‌मंडल दिले. एका कारकुनाला पळविण्याऐवजी अनेक कारकून शेजारी शेजारी बसविले, इतकेच!

पण एक नाका उठलेला नाही. चौरस्त्यावर आलेल्या संदेशाचा पत्ता वाचावा लागतो, वाट मोकळी होईपर्यंत त्याला थांबवावे लागते. वीज साठवून ठेवता येते; प्रकाशाला मात्र हवा तितका वेळ बसवून ठेवील, असे व्यवहारोपयोगी कोठार अद्याप नाही. म्हणून तेथे पुन्हा प्रकाशाची वीज आणि विजेचा प्रकाश! या प्रत्येक रूपांतराला ऊर्जा लागते, आणि तिचे मोल कोणीतरी मोजीत असतो. म्हणूनच आता तंतू यंत्राच्या दारापर्यंत न थांबविता थेट गणकाच्या चकतीशेजारी नेण्याचे प्रयत्न चालले आहेत.

तात्पर्य, कोणत्याही व्यवस्थेचा वेग तिच्या सर्वांत रुंद रस्त्यावरून मोजू नये. तिच्या सर्वांत अरुंद नाक्यावरून मोजावा.