माशाचा घेर आणि माशाचं वजन

मोठा मासा जाळ्यात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती किलोचा? पैठणच्या नाथसागर जलाशयात मासेमारी करणारे भोई बांधव असोत, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात कटला घेणारं गिऱ्हाईक असो, सगळा व्यवहार किलोवर चालतो. जलाशयाचं वर्षाचं मत्स्योत्पादन सरकारदरबारी टनांत नोंदलं जातं. व्यवहाराला ते पुरेसं आहे. पण नुसत्या वजनावरून तो मासा खाऊनपिऊन पोसलेला आहे की उपासमारीत नुसताच लांबलेला आहे, हे कळत नाही; आणि ज्या पाण्यात तो वाढला त्या पाण्याची तब्येत तर मुळीच कळत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की वजनाच्या जोडीला माशाची लांबी आणि घेर ही दोन मापं नोंदली गेली पाहिजेत, आणि या दोन्हींत घेराच्या मापाकडे आजवर झालेलं दुर्लक्ष आधी थांबलं पाहिजे.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. गोल ओंडक्याचं घनफळ काढायचं तर घेराचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचं आणि सुमारे साडेबाराने भागायचं. मासा ओंडक्यासारखा सरळसोट नसतो. तो तोंडाकडे आणि शेपटीकडे निमुळता होत जातो, दोन्ही बाजूंनी थोडा चपटा असतो, आणि शेपटीचा पर लांबीत भर घालतो पण वजनात फारसा नाही. त्यामुळे तेवढ्याच घेराच्या आणि लांबीच्या ओंडक्याच्या निम्म्याहूनही कमी ऐवज माशात भरतो. गळाने मासे धरणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा यातूनच आला आहे: मापं इंचांत घ्या, घेराचा वर्ग गुणिले लांबी करा, ८०० ने भागा, वजन पौंडांत मिळेल. सेंटीमीटर आणि किलो वापरायचे तर ८०० च्या जागी सुमारे २९,००० घ्यावे लागतात. आता ६० सेंटीमीटर लांब आणि ३६ सेंटीमीटर घेराचा एक मासा घेऊ. त्याचं वजन पावणेतीन किलोच्या जरा खाली, २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास निघतं. तोच मासा लांबीने ६ सेंटीमीटर वाढला आणि घेर तेवढाच राहिला, तर वजन २ किलो ९५० ग्रॅम होतं. पण लांबी तीच राहून घेर ६ सेंटीमीटरने वाढला, तर काटा ३ किलो ६५० ग्रॅमवर जातो. लांबी शेकडा १० ने वाढली तर वजन शेकडा १० नेच वाढतं. घेर शेकडा १० ने वाढला तर वजन शेकडा २१ ने वाढतं. गणितात घेर दोनदा येतो, लांबी एकदाच. बाजारातलं गिऱ्हाईक मात्र नजरेने आधी लांबीच मापतं.

हा ठोकताळा सगळीकडे सारखाच चालतो का? नाही, आणि याचा फार चांगला दाखला अमेरिकेत आहे. तिथे मोठ्या तोंडाचा बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा गळवाल्यांचा अत्यंत आवडता. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी तळ्यात जॉर्ज पेरी यांनी धरलेल्या बासचं वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलोहून थोडं जास्त भरलं. लांबी साडेबत्तीस इंच, घेर साडेअठ्ठावीस इंच. हा विक्रम ७७ वर्षं टिकला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जवळजवळ तेवढ्याच वजनाचा बास धरला, तेव्हा कुठे या विक्रमाची बरोबरी झाली. पेरी यांच्या माशाला ८०० चा भाजक लावला तर उत्तर ३३ पौंड येतं, प्रत्यक्ष वजनापेक्षा जवळजवळ ११ पौंड जास्त. १२०० ने भागलं तर मात्र उत्तर बरोबर २२ पौंड येतं. याचा अर्थ सूत्र खोटं आहे असा नाही. बासचं पोट फार फुगीर. घेर मोजला जातो तो त्या फुगीर जागी, आणि तो जाडपणा शेपटीपर्यंत टिकत नाही. शरीराचा बांधा बदलला की भाजक बदलतो. आपल्याकडचा मरळ जवळजवळ नळीसारखा, कटला खोल अंगाचा आणि मोठ्या डोक्याचा, रोहू त्या मानाने सडपातळ. या तिघांना एकच भाजक लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. तेव्हा नाथसागरातल्या कटल्याचा भाजक नाथसागरातल्या कटल्यावरूनच काढावा लागेल. तो अमेरिकेतून आणता येणार नाही.

नाथसागरात घेराचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. पाण्यात आडवं लावलेलं जाळं, ज्यात मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो, ते मुळात घेरच मोजत असतं. जाळ्याच्या आसाची प्रत्येक बाजू ८ सेंटीमीटर असेल, तर त्या भोकाचा परीघ ३२ सेंटीमीटर झाला. ज्याचं डोकं आत शिरतं आणि अंग शिरत नाही तो मासा सापडतो. ज्याचा सगळ्यात जाड घेरही ३२ च्या आत आहे तो, लांबीने कितीही असो, पलीकडे निघून जातो. लहान मासे वाचावेत म्हणून मोठ्या आसाची जाळी वापरा असं सांगितलं जातं, ते याच हिशेबावर उभं आहे. पण यातच एक फसवी गोष्ट दडलेली आहे. दुष्काळात माशांची उपासमार झाली, ते लांब पण किडकिडीत झाले, तर त्याच आसातून मोठ्या वयाचे मासेही निसटतात आणि जाळ्यात येतात ते नेमके पोसलेले. मग आवक कमी दिसते, पण आलेला मासा धष्टपुष्ट दिसतो, आणि पाण्यात काय चाललं आहे याचा उलटाच अर्थ लागतो. नाथसागर साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेला पण उथळ जलाशय आहे. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत त्याचं पाणी मृतसाठ्यात गेलं होतं. अशा वर्षी, घेरावरून मासा न निवडणाऱ्या फेक जाळ्यात किंवा ओढ जाळ्यात आलेल्या माशांची मापंही घेतली, तरच खरं चित्र समोर येईल.

यावर कोणी म्हणेल, हातात काटा असताना टेप कशाला हवी? आक्षेप रास्त आहे, आणि वजन जाणून घेणं एवढाच हेतू असेल तर काटाच खरा. पण वजन आणि लांबी एकमेकांशेजारी ठेवली की एक वेगळीच गोष्ट कळते. स्कॉटलंडमधले मत्स्यशास्त्रज्ञ फुल्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक अंक आहे: ग्रॅममधल्या वजनाला १०० ने गुणून लांबीच्या घनाने भागायचं. वरच्या उदाहरणातला ६० सेंटीमीटरचा सडपातळ मासा घेतला तर तो अंक १.२५ येतो, आणि तेवढ्याच लांबीचा भरलेला मासा घेतला तर १.६९. लांबी एकच, पण पहिल्याला खायला कमी मिळालं आणि दुसऱ्याला भरपूर, हे त्या दोन अंकांत उघड आहे. मासा सगळ्या अंगाने सारख्या प्रमाणात वाढला तर लांबी दुप्पट झाल्यावर वजन आठपट होतं. म्हणून इथे लांबीचा घन. ज्या वर्षी हा अंक घसरतो त्या वर्षी मत्स्यबीज जास्त सोडलं गेलं, की पाणी आटलं, की चिलापी जातीच्या माशांनी खाद्य संपवलं, हे शोधायला हवं. नुसत्या टनांच्या आकड्यात हा प्रश्न उमटतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आषाढात पाण्याला ओढ लागते तेव्हा कटला, रोहू आणि मृगळ यांच्या माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात. तेव्हाचा घेर पोसलेपणाचा नसून गाभोळीचा असतो, आणि त्यावरून पाणी सुदृढ आहे असं म्हणणं चुकीचं ठरेल. हे मला पूर्ण मान्य आहे. उपाय एवढाच, की मापासोबत महिना लिहावा, नर-मादी ओळखता येत असेल तर तेही लिहावं, आणि ज्येष्ठातल्या माशाची तुलना ज्येष्ठातल्या माशाशीच करावी, कार्तिकातल्याशी नाही. खरं तर गाभोळीचा घेर स्वतःच मोलाची माहिती आहे. एका किलो वजनामागे या माशांची मादी लाखाच्या घरात अंडी देते, म्हणजे घेराने मोठी मादी ही उद्याच्या बीजाची ठेव आहे.

तिसरी अडचण कामाची. पहाटे जाळी उतरवताना प्रत्येक मासा मोजत बसायला वेळ कोणाला आहे? प्रत्येक मासा मोजायची गरजही नाही. आठवड्यातून एका दिवशी, प्रत्येक जातीचे थोडे मासे, मोठे-लहान न निवडता घेतले तरी पुरे. ओल्या फळीवर मासा आडवा ठेवायचा, तोंड मिटलेलं, आणि तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी घ्यायची. टोकापर्यंत घ्यायची असेल तर दर वेळी टोकापर्यंतच घ्यायची. या एका गोष्टीत ढिलाई झाली की सगळ्या नोंदी वाया जातात. पाठीवरच्या पराच्या सुरुवातीला, अंग सगळ्यात जाड असतं तिथे, शिंप्याची कापडी टेप फिरवून घेर घ्यायचा, टेप आवळायची नाही. मग काट्यावर वजन.

अशा नोंदींतून भाजक एकदा पक्का झाला, की त्याचा सर्वांत जास्त उपयोग मत्स्यबीज केंद्रांना होईल. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगूल इथे मत्स्यशास्त्रज्ञ हीरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन कटला-रोहूच्या कुळातल्या माशांची वीण यशस्वी केली, पुढे देशभर बहुतांश बीज याच रीतीने तयार होऊ लागलं, आणि इंजेक्शनची मात्रा मादीच्या वजनाच्या किलोमागे ठरते. अंड्यांनी भरलेली मादी काट्याला टांगली तर तिला इजा होऊ शकते, ती दगावूही शकते. ओल्या कापडात धरून लांबी आणि घेर घेतला, तिच्याच जलाशयाचा भाजक लावला, तर मात्रा ठरवण्यापुरतं वजन मिळतं आणि मादी लगेच पाण्यात परत जाते.