मुक्त पत्रकाराची मजुरी



पत्रकारितेवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. पण लेख लिहून पोट भरू पाहणारी मुले अलीकडे आमच्या कचेरीची पायरी चढू लागली आहेत आणि त्यांचे ऐकताना आम्हांला विड्या वळणाऱ्या बाईची आठवण होते.

ती बाई पाने आणि तंबाखू घरी नेते, हजार विड्यांमागे मजुरी घेते. विडी चांगली की वाईट, हे ठरवणार कारखानदाराचा माणूस. मुक्त पत्रकारही घरी बसून लिहितो, मजुरी नगावर, आणि नग पसंत करणार संपादक. मात्र 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. त्याआधीच्या, 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याने ओळखला तो नेमणुकीतला पत्रकार; अर्धवेळ का होईना, पण नोकरीतला. 2020 च्या संहितेत हे दोन्ही कायदे सामावले गेले. आमच्या मते बाईला जे मिळाले ते मोर्चामुळे. लिहिणारा घरात एकटा बसून राहिला.

एका तरुणाचे तीन लेख एका साप्ताहिकाने छापले. पैसे मागितले तेव्हा उत्तर आले, नाव छापले की! आम्ही विचारले, ठरले काय होते? काहीच ठरले नव्हते. मानधन या शब्दाने फार घोटाळा केला आहे. मान लगेच मिळतो, धन राहून जाते. म्हणून लेखणी उचलण्याआधी चार ओळींचे पत्र पाठवावे: किती देणार, केव्हा देणार, प्रवासखर्च कुणाचा, मागवलेला लेख छापला नाही तर काय. भाजीचा भाव विचारताना आपण लाजत नाही.

दुसरी गोष्ट हक्काची. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्याने लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक तो स्वतः असतो. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच देता येतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षांची धरतात. तेव्हा ‘सर्व हक्क कायमचे’ अशा कागदावर सही करताना जरा थांबावे. तोच मजकूर पुढे तुमच्या पुस्तकात यायचा असेल.

लिहायचे काय? आपली पेठ, बाजार समिती, नगरपालिका. मुंबई-दिल्लीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. ओळखपत्र नसले तरी 2005 चा माहिती अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. 10 रुपये भरून अर्ज करावा, सामान्यतः 30 दिवसांत उत्तर देणे कचेरीला बंधनकारक आहे. हाती असलेली नोकरी मात्र पहिल्या धनादेशाबरोबर सोडू नये.

आणि एक वही घालावी. लेख कुठे पाठवला, कधी छापला, पैसे कधी आले. वर्षभराने तिघे-चौघे आपापल्या वह्या घेऊन एकत्र बसा. कोण बुडवतो आणि कोण वेळेवर देतो, ते तासाभरात कळेल. बसायला जागा नसेल तर आमची कचेरी संध्याकाळी उघडी असते.