वादळानंतरची चाळीस वर्षं

मार्च १७४८. अटलांटिकच्या वादळात ‘ग्रेहाउंड’ जहाजात पाणी शिरलेलं. पंपावर राबून हात भरून आलेला, एरवी देवाधर्माची टिंगल करणारा खलाशी जॉन न्यूटन देवाचा धावा करतोय.

जीव वाचला, श्रद्धा जागी झाली. पण मेख इथेच आहे. पुढे हाच माणूस गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला! १७५४मध्ये समुद्र सुटला, तोही आजारपणामुळे.

१७६४मध्ये तो इंग्लंडमधल्या ऑल्नी गावी पाद्री झाला. ‘अमेझिंग ग्रेस’ हे स्तोत्र तिथलंच. जाहीर कबुली मात्र १७८८मध्ये. फळीवर पुस्तकं रचावीत तशी जहाजात खेटून निजवलेली, बेड्या घातलेली माणसं त्यानं पुस्तिकेत दाखवली. स्वतःचा वाटाही लपवला नाही.

मार्च १८०७मध्ये ब्रिटिश संसदेनं गुलामांचा व्यापार बंद केला. न्यूटन डिसेंबरात वारला, ८२व्या वर्षी.