परदेशी निघालेल्या आईवडिलांचा विमा



आपल्या मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या अनेक घरांतील मुले आज अमेरिकेत, इंग्लंडात, आखातात स्थिरावली आहेत. नातवंडाच्या जन्माचे निमित्त होते आणि आईवडील सहा महिन्यांसाठी निघतात. कुळथाची पिठी, सोले, मालवणी मसाला यांचे वजन दोनदोनदा तपासले जाते. विम्याचा विषय मात्र शेवटच्या दिवसावर ढकलला जातो, आणि 'एवढ्याशा मुक्कामात काय होणार' म्हणून पुष्कळदा राहूनच जातो.

परक्या राज्यात रुग्ण म्हणून जाणे म्हणजे काय, हे सिंधुदुर्गाला शिकवावे लागत नाही. गंभीर रुग्ण आपण वर्षानुवर्षे बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत आलो. 2018 च्या जानेवारीत तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभे राहिले. ते जिव्हारी लागले, कारण बांबोळीला आपण परके मानलेच नव्हते. परंतु प्रत्येक सरकार प्रथम आपल्या करदात्याकडे पाहते. शेजारचे राज्य जे करते, ते सातासमुद्रापलीकडचा देश करणार नाही असे कसे मानावे?

इंग्लंडमध्ये अपघात विभागातील उपचार पाहुण्यालाही विनामूल्य मिळतात. पण रुग्णालयात दाखल करून घेतले की सर्वसाधारणपणे मूळ दराच्या दीडपट आकारणी होते. युरोपातील शेंगेन देश अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान 30 हजार युरोंचा विमा मागतातच. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी अट नाही. खरी फसगत येथेच होते.

अमेरिकेत 1986 साली एक कायदा झाला. त्यानुसार आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाला, त्याच्याजवळ पैसे असोत वा नसोत, तपासून स्थिर करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. म्हणून वडिलांच्या छातीत कळ आली तर 'पोराला खर्च नको' म्हणून त्यांनी ती लपवू नये. आपल्या मागच्या पिढीचा हा भिडस्तपणा परदेशात जिवावर बेतू शकतो. उपचार नाकारले जाणार नाहीत; बिल मात्र येईल, आणि ते लक्षावधी रुपयांचे असू शकेल. आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले योजना तेथे उपयोगाची नाही. मुलाच्या नोकरीतील विमाही सहसा आईवडिलांना लागू होत नाही.

विमा घेताना केवळ हप्ता पाहू नका. स्वस्त योजनांत प्रत्येक उपचारामागे ठरावीकच रक्कम मिळते आणि उरलेला भार मुलावर पडतो. व्यापक योजना महाग असते, पण ती मर्यादेपर्यंत बिलाचा मोठा हिस्सा उचलते. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या जुन्या व्याधींबाबतचे कलम स्वतः वाचा. बहुतेक योजना त्यांचे नित्य उपचार वगळतात. काही योजना अशी व्याधी अचानक उसळल्यासच मर्यादित रक्कम देतात. व्याधी लपवून अर्ज भरणे तर सर्वांत घातक. नेमक्या वेळी दावा फेटाळला जातो.

विमा नसताना प्रसंग ओढवलाच, तर आलेल्या पहिल्या आकड्याने हादरून जाऊ नका. बाबवार बिल मागा. तेथील धर्मादाय स्वरूपाच्या रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावेच लागते; त्याचा अर्ज मुलाने मागून घ्यावा. पैसे चुकते करण्यापूर्वी सवलत आणि हप्ते यांविषयी बोलणी करता येतात.

आणि निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून औषधांची यादी मूळ रासायनिक नावांनी लिहून घ्या. आपले ब्रँड तेथे कोणी ओळखत नाही. पॅरासिटामॉललासुद्धा अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात.